सामायिक मिक्सर

“मोठी नको म्हणान सांगलंय ना तुका! ल्हान पुडी दी! ल्हान!”

मालवणच्या बाजारात भर दुपारी हा आवाज असा फुटला, की दुकानाबाहेर सुक्या बांगड्यांवर टपलेला कावळा उडाला तो थेट किल्ल्यावर जाऊन बसला. मी तेव्हा दुकानाच्या पायरीवर होते, हातात वर्तमानपत्रातून कापलेली कुपनं. पहिल्यांदा मला वाटलं, आपणच ओरडलो. कारण त्या दुकानात ओरडायचं काम माझं. बावीस वर्षं ते मी इमानाने करत आले होते. पण माझं तोंड तर मिटलेलं होतं.

ओरडत होती ती माझी शेजारीण.

ही बाई कशी, ते आधी सांगते. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि त्या तीस वर्षांत तिने आवाज चढवला नाही. वर्गातली मुलं ऐकू येईना म्हणून आपोआप गप्प बसायची. चर्चमध्ये सगळे गातात तेव्हा हिचे फक्त ओठ हलायचे. नवरा बोटीवर असायचा, आणि झील, म्हणजे मुलगा, पुढे इंग्लंडला नोकरीला गेला. नवरा वारला तेव्हासुद्धा ती रडली ती अशी, की भिंतीपलीकडे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आणि ती बाई आज काउंटरवर मूठ आपटत होती.

“बाई, अर्ध्या किलोर स्टीलचो वाडगो फुकट आसा,” दुकानदार बिचारा समजूत घालत होता. “वर्सभर पुरतली तुमका एकट्याक. ह्या ल्हान पुडीर काय्येक नाय.”

“माका वाडगो नको. चाय होयी. ती पण वायच.”

मग ती वळली आणि मी दिसले. मला वाटलं, आता म्हणेल, बरा झाला इलंस, घेव या अर्दो किलो. तिने पुडी मुठीत दाबली. “इलंस?” म्हणाली, आणि माझ्या बाजूने पायऱ्या उतरून गेली. मला न सांगता बाजारात आली होती, एकटी. मागे दुकानदार माझ्याकडे असा बघत होता, जसा काही चहा मीच सडवला.

आता तुम्ही म्हणाल, चहाच्या पुडीवरून एवढं काय? तर ऐका.

तोंडवलीत तिचं नि माझं घर एका गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणभिंतीच्या, अल्याड-पल्याड. बावीस वर्षांपूर्वी एका साबणावर एक साबण फुकट अशी पाटी लागली होती, त्या दिवशी एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. दोघींना एकेकच साबण हवा होता. विकतचा कोणी घ्यायचा नि फुकटचा कोणी, यावर हडीपर्यंत वाद झाला, आणि घर येईपर्यंत मैत्री झाली. तेव्हापासून आम्ही फुकटाच्या मागे जोडीनेच निघायचो. कामाची वाटणी सरळ होती. चष्मा लावून पुडक्याच्या कोपऱ्यातलं मुंगीएवढं ‘अटी लागू’ ती वाचायची, आणि तिने वाचलेलं दुकानदाराला ऐकू जाईल असं मी सांगायची. मी सांगितलेलं पार देवबाग गावात ऐकू जायचं, हे दुकानदार म्हणायचा. आमच्या घरांत सगळं जुळं असायचं. तिच्या मोरीत निळी बादली, माझ्या मोरीत निळी बादली. एकदा चंदनाच्या साबणाची अशी काही योजना निघाली, की तीन वर्षं दुसरा साबण घरात आला नाही. माझ्या नवऱ्याच्या अंगाला इतका वास यायचा, की देवळात गेला तर लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा, तो नाही म्हणेल, पण तो प्रत्येकच गोष्टीला नाही म्हणतो.

सगळ्यात मोठी शिकार म्हणजे मिक्सर. चहाच्या पुडक्याचा कोपरा कापायचा, असे साठ कोपरे जमवायचे, की मिक्सर. मुदत दिवाळीपर्यंत. दोन घरांत मिळून किती चहा पिणार? पण आम्ही प्यायलो. देवळातली भावीण, वायरमन, वाट चुकलेले पर्यटक, गडग्याजवळून जो गेला त्याला चहा पाजला. माझा नवरा त्या वर्षी रात्री झोपलाच नाही, नुसता घरापुढच्या खळ्यात येरझाऱ्या घालायचा. शेवटी साठ भरले आणि मिक्सर आला. पांढरा, तीन भांड्यांचा. पण एक.

एक मिक्सर दोघींनी कसा वाटायचा? आमच्या मुलखात याला उत्तर आहे. भावाभावांत आंब्याची सामायिक कलमं असतात, तिथे पाळी लावतात. यंदा बहर तुझा, पुढल्या वर्षी माझा. आम्ही मिक्सरला पाळी लावली. चतुर्थीला माझ्याकडे खोबऱ्याच्या वाटपाचा, मसाला वाटण्याचा, धुमाकूळ असतो, म्हणून चतुर्थीच्या आधी तो माझ्या घरी यायचा. नाताळच्या आठ दिवस आधी मी तो पुसून, भांड्यांत प्रत्येकी एक मूठ तांदूळ घालून गडग्यावरून तिला द्यायची. भांडं रिकामं द्यायचं नाही, हा तिचाच नियम. पुढे दोघींनाही दुसरा मिक्सर घेणं जड नव्हतं. पण विकत घेतलेल्या मिक्सरात खोबरं तितकं बारीक होत नाही. हे मी शपथेवर सांगते.

पाळीला आमच्याकडे आणखी एक अर्थ आहे, तो बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. आपली पाळी आली आणि माणूस ती घ्यायला आला नाही, तर समजायचं की त्याने संबंध सोडला. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ एका वर्षी फणसाच्या पाळीला आला नाही. कोणी काही बोललं नाही, भांडण नाही, तंटा नाही. पण त्यानंतर तो सुतकालाही आला नाही, आणि आम्हीही त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. फणस पडून कुजला, सगळ्यांनी बघितला.

म्हणून मागच्या नाताळच्या आधी जेव्हा मी मिक्सर कडेवर घेऊन, तांदूळ भरून, तोंडभर हसत तिच्या पडवीत गेले, आणि ती दारातच उभी राहून म्हणाली, “रवांदे गो. तुझ्याकडेच रवांदे,” तेव्हा मला तो कुजलेला फणस दिसला.

“तुझी पाळी आसा,” मी म्हटलं.

“म्हायत आसा. पण रवांदे. माका लागाचो नाय.”

“नेवऱ्यो कशात करतलंस? दोदोल?”

“औंदा वायचच करतलंय.”

ती आणखी काही बोलणार होती. तोंड उघडलं होतं तिने, मी पाहिलं होतं. पण मी मिक्सर कडेवर सावरला आणि निघाले. वाटेत तांदूळ सांडला, तो कोंबड्यांनी टिपला. नाताळला तिच्याकडून ताट आलं, त्यात करंज्यांसारख्या दोन नेवऱ्या, एक केकचा तुकडा. दरवर्षी ते ताट एवढं यायचं, की उचलायला दोन माणसं लागायची. मी ताट परत पाठवलं, रिकामं.

रात्रभर विचार केला, आपण काय केलं? मागच्या पाळीत चटणीचं भांडं माझ्या हातून काळं पडलं होतं, ते कारण? की दिवाळीत मी बिस्किटाचा फुकटचा पुडा दोनदा माझ्याकडे ठेवला, ते? बाईने वर्षानुवर्षं मोजून ठेवलं असणार, असं मला वाटलं. शिक्षिका शेवटी. आणि महिन्याभराने बाजारात ती पुडी. एकटी आली, ल्हान पुडी मागितली, मला बघून निघून गेली. मग शंकाच राहिली नाही. मोठ्या पुडीत माझा अर्धा वाटा असतो, तो तिला नको होता.

मी अबोला धरला. अबोला मला जमतो असं कोणी म्हणणार नाही, पण धरला आणि असा धरला, की वाडीतल्या लोकांना वाटलं मला घशाचा आजार झाला. मी एकटी बाजारात जाऊ लागले आणि एकावर एक मधले दोन्ही एक मीच आणू लागले. शेल्फ भरलं, माळा भरला, देव्हाऱ्याखाली टूथपेस्ट.

“दुकान घालतंस काय गो?” नवऱ्याने विचारलं.

“माका काय, आता दोनय माझीच,” मी म्हटलं.

“पण दात तितकेच आसत,” तो म्हणाला.

एकदा मी सात लिटर फिनेल उचलून आणलं, त्यावर मॉप फुकट होता. घरी आल्यावर कळलं की ती योजना मागच्याच महिन्यात संपली होती. पुडक्यावर कोपऱ्यात छापलंही होतं म्हणे, मुंगीएवढं. मी दुकानात परत जाऊन अशी ओरडले, की छपराचे पत्रे हलले. पण मॉप मिळाला नाही. मी फक्त ओरडत होते. वाचलेलं काहीच नव्हतं माझ्याकडे.

त्या अडीच महिन्यांत ती तीनदा आली. ही तीन वेळांची गोष्ट मी कोणाला सांगत नाही, पण लिहायला बसले आहे तर लिहिते. पहिल्यांदा तिने खळ्यातून हाक मारली, “आसंस काय गो?” मी टीव्हीचा आवाज मोठा केला. मालिकेतली सासू एवढ्याने किंचाळली, की हाक परत आलीच नाही. दुसऱ्यांदा एसटीच्या थांब्यावर ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि मी समोरच्या विजेच्या खांबाकडे असं बघत राहिले, जणू त्यावर माझं माहेर आहे. तिसऱ्यांदा शिमग्यात. पालखी आमच्या खळ्यात नाचते तेव्हा ती दरवर्षी गडग्यापलीकडून बघायला उभी राहते. या वर्षीही उभी होती. माझ्याकडे बघत होती, पालखीकडे नाही. मी पालखीकडे बघितलं.

आणि मग एका गुरुवारी मी दुकानात काउंटरवर सामान मांडलं. तिथे आता एक मुलगी बसते, कॉम्प्युटरवर नंबर घालते, पॉइंट मोजते. तिने माझा मोबाइल नंबर घातला आणि डोळे मोठे केले.

“काकी, तुमचे पॉइंट एवढे कशे झाले? अगो, हां, बाईंनी त्येंचे सगळे तुमच्या नंबरार घालूक सांगले. त्येंचो नंबर बंद होतलो म्हणान.”

“कित्याक बंद?”

“आयतवारी जातत ना त्या? झिलाकडे, इंग्लंडाक. घराक कुलूप घालून. तुमका म्हायत नाय?”

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे. देवाला, नवऱ्याला, तलाठ्याला. पण इतक्या पटकन कधी नाही.

“म्हायत नाय कसा? मीच तर तिची बॅग भरतंय.”

सामान तिथेच राहिलं. तेलाच्या डब्यावर गाळणी फुकट होती, तीही राहिली. एसटीला वेळ होता, तर मी रिक्षा केली. रिक्षा! मी! माझ्या नवऱ्याला हे आजही खरं वाटत नाही.

तिच्या दारात चपला नव्हत्या. पडवीतला बाक गेलेला. आत भिंतीवरचा क्रूस काढला होता, त्याच्या जागी पांढरा डाग. ती जमिनीवर बसून बॅगेत घड्या घालत होती. वर बघितलं.

“इलंस?”

मी तिच्यासमोर बसले. काय बोलायचं ते सगळं रिक्षात तयार केलं होतं, आणि तोंडातून निघालं भलतंच.

“त्या दिवशी ओरडलंस कित्याक एवढ्या?”

तिने हातातल्या साडीची घडी मोडून परत घातली.

“तो म्हणा होतो, मोठी घेवा, वर्सभर पुरतली. काय सांगू त्येका?”

मग तिने सांगितलं. झिलाला दुसरं मूल झालं. तो आणि सून दोघंही कामावर, मुलांना बघायला कोणी नाही. दिवाळीपासून कागद चालले होते. व्हिसा मिळेपर्यंत कोणाला बोलू नको, असं त्याने बजावलं होतं. “आज येतलो, फाल्या येतलो म्हणतत. म्हणान ल्हान ल्हान पुड्यो घेत रवलंय. येवचो नाय येवचो नाय म्हणताना अडीच म्हयने गेले.” बावीस वर्षं जिने एक कोपरा वाया जाऊ दिला नाही, ती अडीच महिने लहान पुड्यांचा, महागाचा चहा पीत बसली होती. एकटी.

“पण माका सांगूक काय झालेला? माका!”

“नाताळाक सांगूचा होता. तू मिक्सर कडेर घेवन इलंस, एवढा हसा होतंस. तोंडातून भायर पडाक नाय. आणि मगे तू चलाक लागलंस.”

“मगे?”

“मगे तीनदा इलंय. एकदा तू टीव्ही मोठो केलंस.”

“त्येचो आवाज बिघडलोलो.”

“दोनदा मान फिरवलंस.”

“मानेक लचक भरलेली.”

“बावीस वर्सां तुझ्यावांगडा बाजार केलंय गो,” ती म्हणाली. “तुझी मान माका म्हायत नाय?”

मी रडले. माझं रडणं ऐकून माझा नवरा गडग्यावरून उडी मारून आला. त्याला वाटलं, ती गेली. म्हणजे वारली. तिला धडधाकट बसलेली बघून तो गोंधळला आणि “चाय करू?” म्हणून स्वयंपाकघरात गेला. तिथे डब्यात चहा नव्हता. ओट्यावर एक ल्हान पुडी होती, कात्रीने कापलेली, वर रबर लावलेला. त्यातला चहा तिघांना पुरला नाही, म्हणून त्याने स्वतःला पाणीच घेतलं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

तीन दिवस होते. गुरुवारचा उरलेला, शुक्रवार, शनिवार. मी ते कसे घालवले विचाराल तर भांडून. तेवीस किलोच्या वर बॅग चालत नाही म्हणाली, तर मी तिच्या झिलाला फोन लावून ओरडले, “आयशीक नेतंस की केळ्याचो घड नेतंस? वजन कित्याक करतंस?” तो हसला. भला मुलगा आहे, लहानपणी माझ्याच खळ्यात खेळला. कोकम आत घातलं, सुके मासे बाहेर काढले, मग तेच आत घातले, साडी बाहेर काढली. काट्यावर उभं राहून बॅग हातात धरायची आणि मग बॅगेशिवाय उभं राहायचं, असं वजन करायचं होतं. काटा तिच्याकडचा होता. अर्थात माझ्याकडेही तसाच आहे. दोघी आलटून पालटून काट्यावर चढलो. विमानातल्या सामानाच्या नियमांचा कागद तिने चष्मा लावून मला वाचून दाखवला, कोपऱ्यातलं बारीक बारीक सगळं, आणि मी ऐकलं. ओरडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. शनिवारी दुपारी एकदा ती बॅगेवर बसल्या बसल्या झोपली. मी तिच्या पायांशी बसून राहिले आणि गेलेले अडीच महिने मोजत राहिले. किती दुपारी होत्या त्या. मी त्या सगळ्या सासवांचं किंचाळणं ऐकण्यात घालवल्या.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर गाडी आली, गोव्याच्या विमानतळावर जायला. वाडी जमली होती. तिच्या शाळेतले जुने विद्यार्थी, आता त्यांनाच टक्कल पडलेलं, रांगेत उभे होते आणि ती ऐकू येईल न येईल अशा आवाजात प्रत्येकाशी बोलत होती. कुलूप घातलं. किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, माझ्या नाही. मी हरवते, हे तिला माहीत.

मग ती माझ्यासमोर आली. मी आदल्या रात्री ठरवलं होतं की रडायचं नाही, हसवायचं. तिला हसताना बघायचं आणि तेच ठेवून घ्यायचं. बावीस वर्षं तिला हसवायला मला फार काही लागत नसे. तर मी कमरेवर हात ठेवले, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, दुकानात द्यायची तशी हाळी दिली:

“काय गो, एवढ्या म्हाग तिकीट काढलंस, तर जावच्या तिकिटार येवचा फुकट गावना नाय काय?”

लोक हसले. टक्कल पडलेले विद्यार्थी हसले. माझा नवरासुद्धा हसला, किल्ली हातात घेऊन.

ती हसली नाही. गाडीचं दार उघडून आत बसली, पदर सावरला, आणि काच खाली करून नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

“नाय. झिलान जावचाच तिकीट काढल्यान.”